शिवेबाहेरची राख

तुमच्या शाळेचं मैदान डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यातला हापसा, झेंड्याचा खांब, भिंतीलगतचं कडुनिंबाचं झाड, सगळं जागच्या जागी राहू द्या. मधली जमीन तेवढी रिकामी करा. आता खेळाच्या रेघा मारायला जो पांढरा चुना वापरतात, त्या चुन्यानं तिथं तुमचं अख्खं गाव काढा. रस्ते, तलाव, बाजार, रेल्वेचे रूळ, सगळं. इतकं मोठं काढा की तुम्हाला त्यातून चालता येईल आणि चालत चालत तुम्ही आपल्या घराच्या दारात जाऊन उभे राहाल.

राहिलात उभे? बरं. आता असं समजा की तुम्ही सगळीकडे शोधलं, आणि तुमचं घर त्यात नाहीच.

साक्षीचं तसं झालं.

आधीच सांगून ठेवतो. या गोष्टीत रक्त आहे, आग आहे, आणि एक मुकं जनावर मरतं. ज्याला ऐकवणार नाही त्यानं खुशाल आत आईजवळ जाऊन बसावं, त्याला कोणी हसणार नाही. बाकीचे जवळ सरका.

आमडोह हे नागभीडच्या बाजूचं गाव. गाव म्हणायची सवय, पण आता ते शहरच व्हायला निघालं होतं. राईस मिली वाढल्या, कॉलेज आलं, आणि जिथं धानाच्या बांध्या होत्या तिथं प्लॉटचे पांढरे दगड उगवले. ते दगड बहुतेक धनराजचे. धनराज जमिनी घ्यायचा, तुकडे पाडायचा, विकायचा. माणूस हसतमुख, पण त्याच्याजवळ चार-सहा पोरं कायम असायची आणि ती हसत नसत. सुकलू नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या बांधावरचा असाच एक दगड उपटून फेकला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या डाव्या पायावर ट्रॅक्टरचं चाक गेलं. चुकून गेलं, असं सगळे म्हणाले. सुकलूही तसंच म्हणाला.

शहर वाढतं तसा कचराही वाढतो. तो टाकायला जागा हवी होती, आणि जागा दोनच होत्या. एक धनराजच्या नव्या लेआउटला लागून, आणि दुसरी हिवरा नाल्याच्या पलीकडे. कचऱ्याचा डेपो लेआउटजवळ आला तर धनराजचे प्लॉट कोण घेणार? म्हणून त्याला तो नाल्यापलीकडे हवा होता. पण नाल्यापलीकडे पंचशील टोला होता. साक्षीच्या आजोबांच्या वेळी वसलेला, बौद्ध कुटुंबांचा. कोणी शेतात, कोणी मिलमध्ये, एक जण तालुक्याला मास्तर. मधोमध छोटं विहार, भोवती घरं, गुरांचे कोठे, गाई-बैल. साक्षी तिथली. सहावीत होती. बाप संघपाल, आई रिना, आणि मोऱ्या नि चांद्या हे दोन बैल.

नगरपरिषदेनं ठरवलं, की पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचा तो लोकांना विचारून करायचा. त्यासाठी नागपूरहून उर्वशी नावाची एक मुलगी आली. शहरांचे नकाशे करणं हे तिचं काम. तिनं पाहिलं, की कागदावरचा नकाशा लोक हातात उलटा धरतात आणि मान डोलावतात. म्हणून तिनं ठरवलं, नकाशा मैदानावर काढायचा. ज्याला जिथं जे हवं ते त्यानं तिथं नेऊन मांडायचं. नळ हवा तर लोटा ठेवा, बाग हवी तर फांदी, रस्ता हवा तर दगडांची ओळ. मग वरून ड्रोननं फोटो काढायचा. फोटोत दिसेल ते लोकांचं म्हणणं.

कल्पना चांगली होती ना? मलाही चांगली वाटते. चूक तिच्यात नव्हती. चूक त्याआधीच झाली होती, आणि ती आमच्याकडच्याच माणसांच्या हातून होण्यासारखी होती.

उर्वशीनं गावातल्या जुन्या माणसांना विनंती केली, "मला एकदा गावाच्या कडेकडेनं फिरवून आणा. गाव कुठं संपतं ते दाखवा." सगळ्यात पुढे झाले गुणवंतराव. पांढरंशुभ्र धोतर, हातात काठी, आणि दरवर्षीच्या मारबतीचा मान त्यांच्या घराकडे.

मारबत ठाऊक आहे ना? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्याला आपण कर म्हणतो, सकाळीच दारात खोचलेल्या पळसाच्या फांद्या उपटायच्या, गवत-मातीची मोठी बाहुली करायची आणि ओरडत निघायचं, "खोकला-खरूज, ढेकून-डास, घेऊन जाय गे मारबत!" गावाच्या कडेकडेनं ती फिरते आणि शेवटी शिवेबाहेर तिला जाळतात. मागं वळून पाहायचं नाही. आणि त्या राखेवर कोणी पाय द्यायचा नाही. ज्यानं दिला त्याच्या घरी ती ईडापीडा वर्षभर मुक्कामाला राहते.

गुणवंतरावांनी उर्वशीला नेमक्या त्या वाटेनं फिरवलं. गावाची कड म्हणजे दुसरी कोणती वाट त्यांच्या पायांना माहीतच नव्हती. मारबत नाला ओलांडते आणि पलीकडच्या माळावर जळते, म्हणजे गाव नाल्याला संपलं. त्या माळाला लागून टोला होता, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण डोळ्यांना दिसणं आणि ध्यानात येणं यांत अंतर असतं. उर्वशीनं मान डोलावून नाल्यावर रेघ मारली.

टोल्यातली पोरं मात्र त्या राखेला भीत नसत. त्यांच्या घरी मारबत मानतच नसत. गावातल्या पोरांचा चेंडू माळावर राखेत गेला, की ती काठावर उभी राहून रडकुंडीला येत, आणि टोल्यातलं एखादं पोर खुशाल आत शिरून तो उचलून आणी. साक्षीजवळ असे चांगले तीन चेंडू जमले होते.

तर आता कराचा दिवस. सकाळी मारबत जळून गेली. दहा वाजता मैदानावर माणसं लोटली. नकाशावर मांडामांड सुरू झाली आणि हसणं सुरू झालं. एका म्हाताऱ्यानं डोक्याचं मुंडासं काढून बाजाराच्या मधोमध ठेवलं.

"हे काय, बाबाजी?" उर्वशीनं विचारलं.

"नाटकाचा मंडप! दिवाळी झाली का आमाले नाटक पायजे. मुंडासं उचलसान तं याद ठेवा."

"अन् बसस्टँडवर मुतारी लिवा वो बाई," मागून कोणी बाई ओरडली. "बायांची! मानसांले त सारं आमडोहच मुतारी आहे!"

पुरुषसुद्धा हसले. साक्षी त्या हसण्यातून चालत निघाली होती. स्टेशन सापडलं. शाळा सापडली. शाळेपासून नाल्याची वाट सापडली. त्या वाटेनं ती रोज यायची, म्हणून पावलं आपोआप पडत होती. नाल्याच्या दुहेरी रेघेपाशी ती थांबली. पलीकडे घर नव्हतं, विहार नव्हतं. एक चौकोन होता, आणि त्यात कोणीतरी फाटक्या चपलांचा ढीग करून ठेवला होता. कचऱ्याचा डेपो हवा असं सांगण्यासाठी.

"ताई, आमचा टोला कुठी आहे?" तिनं विचारलं.

"कुठला टोला?" उर्वशीनं वाकून विचारलं.

"पंचशील टोला. नाल्याच्या पल्याड. आमी राह्यतो तिथी."

उर्वशी गुणवंतरावांकडे वळली. म्हातारा काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

"मी खोटं नाई सांगतलं, बाई," तो म्हणाला. "मारबत जिथवर जाते तिथवर गाव. बापजाद्यापासून असंच फिरून राह्यलो आमी."

"मंग आमी कोन, आजोबा?" साक्षीनं विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. म्हाताऱ्यानं काठीवरची हनुवटी उचलून नाल्याच्या रेघेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "हे त... हे त मी पायलंच नाई."

उर्वशीनं कपाळावर हात मारला. "चुकलं माझं. मी स्वतः ओलांडून जायला हवं होतं." ती उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "टोल्यातली माणसं कोण आहेत? या, तुमची घरं काढा. चुना आहे. चार वाजता ड्रोन उडवणार, नंतर मैदानात लहान पोरांचा, लाकडी बैलांचा तान्हा पोळा भरतो. चार वाजता जमिनीवर जे असेल तेच फोटोत जाईल, आणि फोटोत जे असेल तेच आराखड्यात."

संघपालनं चपलांचा ढीग दोन्ही हातांनी बाजूला केला. साक्षीनं चुन्याचं अर्धं पोतं ओढत आणलं. ती पोतं तिरकं धरायची, बाप मुठीनं रेघ सोडायचा. विहार झालं. आशाबाईचं घर झालं. आशाबाई ही त्यांची म्हातारी शेजारीण, ती बाजूला उभी राहून सांगत होती, "माझा न्हानीचा दगडपन काढ रे संघपाल, नाईतर म्हनतीन म्हातारी आंघोय नाई करत."

तेवढ्यात धनराज आला. मागं पोरं. कराचा दिवस, त्यांनी सकाळपासून प्यायलेली. बैलांना टोचायची खिळा लावलेली काठी, जिला आपण तुतारी म्हणतो, ती दोघा-तिघांच्या हातात होती.

"काय गा संघपाल," धनराज हसून म्हणाला, "गावात घर बांधून राह्यला का? प्लॉट पायजे होता तं माह्याकडे येवाचं."

"घर बांधेलच आहे, भाऊ. नकाशात फक्त काढून राह्यलो."

"पूस ते."

"काऊन?"

"मी सांगून राह्यलो म्हनून."

संघपालनं मूठभर चुना घेतला आणि आपल्या घराची पहिली भिंत काढली. दुसरी काढायला वाकला, तेव्हा डोमानं त्याच्या पाठीत तुतारी मारली. डोमा हा गुणवंतरावांचा नातू. वीस-एकवीस वर्षांचा, सहा महिन्यांपासून धनराजच्या मोटारसायकलवर फिरणारा. खिळा खांद्याच्या हाडाशी घुसला. संघपाल ओरडून वळला तेव्हा दुसऱ्या पोरानं साक्षीच्या हातातलं पोतं हिसकलं आणि त्यातला ओंजळभर चुना संघपालच्या डोळ्यांत मारला.

चुना डोळ्यांत जातो तेव्हा माणूस माणसासारखा ओरडत नाही. तो आवाज साक्षीनं आधी कधी ऐकला नव्हता. बाप दोन्ही हात चेहऱ्यावर दाबून गोल गोल फिरू लागला, आणि त्या फिरणाऱ्या माणसाला पोरं काठ्यांनी मारू लागली. डोक्यावर, नडगीवर, हाताच्या बोटांवर. साक्षी त्याच्या पायांना बिलगली. एक काठी तिच्या पाठीवर बसली आणि श्वासच अडकला. रिना धावत आली, तिनं एकाचे केस धरले, त्याच्या मनगटाचा लचका तोडला. टोल्यातले पुरुष धावले. गावातलेही धावले, काही सोडवायला, काही मारायला, आणि एकदा गर्दी एकमेकांत मिसळली की कोण कशाला आलंय हे त्या माणसांनाही कळत नाही. मांडून ठेवलेल्या वस्तूच हत्यारं झाल्या. नळासाठी ठेवलेला पितळी लोटा कोणाच्या तरी कपाळावर बसला. रस्त्यासाठी ओळीनं लावलेले दगड उचलले गेले. बंदोबस्ताला दोनच शिपाई होते. त्यांतल्या एकाचं नाक फुटलं तसा दुसरा त्याला घेऊन नगरपरिषदेच्या साहेबांच्या गाडीमागं गेला, आणि साहेबांनी गाडीच्या काचा वर केल्या. एक दगड उर्वशीच्या भुवईवर लागला. तिचं रक्त नाल्याच्या पांढऱ्या रेघेवर पडलं.

बारा वाजले नसतील, तोवर मैदान शांत झालं. टोल्याची सगळी घरं पायांखाली पुसली गेली होती. चुन्याचं पोतं फाटून चिखलात पडलं होतं. धनराजच्या पोरांनी चपलांचा ढीग परत जागेवर ठेवला आणि भोवती उभी राहिली.

हापशावर साक्षी दांडा मारत होती आणि रिना नवऱ्याचं डोकं धारेखाली धरून बसली होती. "मार बेटी, थांबू नको, मार." साक्षीच्या पाठीत कळ येत होती, तरी ती मारत राहिली. पाणी पांढरं वाहायचं, मग लाल, मग पुन्हा पांढरं.

"साक्षी," संघपाल म्हणाला. त्याचे डोळे मिटलेले होते, पापण्या फुगल्या होत्या. "आपली दुसरी भिंत झाली का वो?"

"नाई, बाबा."

"बरं," तो म्हणाला. रिना त्याला ऑटोत घालून दवाखान्यात घेऊन गेली. जाताना साक्षीला म्हणाली, "आशाबाईसंगं घरी जा. बैलांले पानी दाखव. कोनाशी बोलू नको."

उर्वशी झेंड्याच्या खांबाला टेकून बसली होती. भुवईवर रुमाल दाबलेला. साहेब तिला सांगत होते, की आता गुंडाळा सगळं. ती म्हणाली, "आज शेवटची तारीख आहे, सर. गुंडाळलं तर नाल्याची रेघ तशीच राहील. मी चारला उडवणार."

"पन काहाडनार कोन?" आशाबाई तिला म्हणाली. "काहाडलं त पायानं पुसून टाकतीन ते मेले. पाय पायले का त्यायचे?"

साक्षी आणि आशाबाई नाला ओलांडून टोल्यावर पोचल्या, तेव्हा तिथं त्यांच्याआधी कोणीतरी पोचलं होतं.

डोमा आणि आणखी तिघे. साक्षीच्या आईनं ज्याच्या मनगटाचा लचका तोडला होता तोही. माळावर मारबत अजून धुमसत होती. तिच्यातलं पेटतं लाकूड डोमानं लांब काठीनं उचलून आणलं होतं, कारण राखेत पाय द्यायला तोही तयार नव्हता. कोठ्यावर तणस, म्हणजे धानाचा वाळला पेंढा, रचलेली होती. ओल्या दिवसांत तणस पटकन पेटत नाही, म्हणून त्यांनी मोटारसायकलमधलं पेट्रोल काढून ओतलं.

"त्याच्यात बैल आहेत!" साक्षी ओरडली. "डोमादादा, बैल आहेत आतमंदी!"

डोमानं तिच्याकडे पाहिलं. क्षणभर, मुलांनो, मला वाटतं, त्याचा हात थांबला असावा. पण मागून कोणी म्हणालं, "भेला बे, डोमा भेला!" आणि त्यानं लाकूड फेकलं.

आग वर गेली नाही, आधी आत गेली. साक्षी पडवीतला विळा घेऊन कोठ्यात शिरली. धुरात काही दिसत नव्हतं, फक्त बैलांच्या गळ्यातल्या, कालच पोळ्याला बांधलेल्या नव्या घुंगरांचा आवाज येत होता. तिनं हाताला लागला तो दोर कापला. चांद्या तिला भिंतीवर आपटून बाहेर सुटला, आणि थेट त्या पोरांवर गेला. एकाला त्यानं शिंगावर घेऊन कुंपणावर टाकलं. बाकीचे पळाले. साक्षी दुसरा दोर चाचपडत होती, तेवढ्यात आशाबाईनं तिची वेणी धरून तिला मागं ओढलं. छप्पर खाली आलं.

घुंगरांचा आवाज आणखी थोडा वेळ आला. मग आला नाही.

टोल्यातल्या माणसांनी नाल्याचं पाणी आणून आग विझवली, तेव्हा गुणवंतराव आले. धूर पाहून निघाले होते, म्हातारे पाय, उशीर झाला. ते कोठ्यासमोर उभे राहिले. मोऱ्या आडवा पडला होता. शिंगांना लावलेला हिंगूळ जळून काळा झाला होता. काल याच बैलाला गुणवंतरावांच्या सुनेनं तोरणाखाली पुरणपोळी भरवली होती.

त्यांनी टोपी काढली. कुंपणापाशी डोमाची चप्पल पडलेली होती. ती त्यांनी ओळखली, कारण दसऱ्याला त्यांनीच घ्यायला पैसे दिले होते. म्हातारा खाली बसला आणि आपल्याच तोंडावर मारून घेऊ लागला. एका हातानं, मग दुसऱ्या. कोणी त्याचे हात धरले नाहीत.

साक्षी त्याच्याकडे पाहत होती. तिच्या हाताला फोड आले होते, भुवया जळाल्या होत्या. रडत नव्हती. ती पाहत होती ते म्हाताऱ्याकडे नव्हे, हे आशाबाईला नंतर कळलं. ती त्याच्या पायांकडे पाहत होती. मारबतीचं लाकूड पेटून कोठ्यात पडलं होतं, आता तिथं राखच राख होती, तिची आणि तणशीची एकत्र. म्हातारा त्या शोकातसुद्धा राखेच्या कडेपासून हातभर मागं सरकून बसला होता.

साक्षी घरात गेली. धानाचं रिकामं पोतं घेऊन आली. फुटक्या टोपल्यानं ती कोठ्यातली राख भरू लागली.

"काय करून राह्यली वो?" आशाबाईनं विचारलं.

 कोठ्यातली भरून झाल्यावर ती माळावर गेली आणि मारबतीच्या ढिगातली निवलेली राख भरू लागली. गुणवंतराव धडपडत उठले. "पोरी, नोको! ते उचलू नोको! ते गावात परत नाई नेत!"

"आजोबा, गाव नाल्याच्या तिकडे आहे ना?" ती म्हणाली. "मंग मी गावातली नाई. मले काय होते?"

पोतं पाठीवर घेऊन ती नाल्याच्या रपट्यावरून, त्या बुटक्या पुलावरून, चालू लागली. आशाबाई मागं. तिच्यामागं टोल्यातले बाकीचे. त्यांच्याही मागं, काठी टेकत, गुणवंतराव.

बाजारातून जाताना पोत्याच्या भोकातून राख सांडत होती. कोणीतरी ओळखलं आणि ओरडलं, "मारबतीची राख आनली! राख आनली पोरीनं!" दुकानांची दारं लागली. बायांनी पोरांना ओढून घरात घेतलं. सकाळी काठ्या घेऊन धावलेली माणसं पदर सावरावा तशी आपापले पाय सावरून भिंतींना चिकटली. रस्ता तिच्यासमोर मोकळा होत गेला.

मैदानावर चार वाजायला आले होते. ड्रोनची पाती फिरत होती. पोरं चपलांच्या ढिगाभोवती उभी होती, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. डोमा त्यांच्यात होता, एक पाय अनवाणी.

साक्षीनं पोतं टेकवलं. चपलांवर पहिली ओंजळ सोडली. काळी राख वाऱ्यानं थोडी उडाली, तशी पोरं एकदम मागं उडाली, जणू सापच निघाला. मग चपला बाजूला लोटून तिनं विहार काढलं. आशाबाईचं घर काढलं, न्हानीच्या दगडासकट.

"पूस, बे!" धनराज ओरडला. "डोमा! पाय नाई तुले? पूस ते!"

डोमानं पाय उचलला. तोच अनवाणी पाय. तो हवेत धरून त्यानं गर्दीत उभ्या आजोबांकडे पाहिलं. गुणवंतराव म्हणाले, "दे. दे पाय. तुनं जे जायलं ते तुह्याच घरी येऊ दे." मोठ्यानं नाही म्हणाले. डोमानं पाय मागं घेऊन दुसऱ्या पायामागं लपवला.

"तूच पूस ना, धनराजभाऊ," मागून सकाळच्या मुतारीवाल्या बाईचा आवाज आला.

धनराज पुढे आला. नवे कोरे बूट. काळ्या रेघेपाशी येऊन थांबला. सगळं मैदान त्या बुटांकडे पाहत होतं. त्याला राखेची भीती होती की नाही, मला सांगता येणार नाही. पण ज्यांना प्लॉट विकायचे ती सगळी माणसं बघत होती, आणि मारबत घरी घेऊन गेलेल्या माणसाचा प्लॉट आमडोहात कोणी घेतला नसता. तो तिथंच उभा राहिला.

साक्षीनं आपल्या घराची पहिली भिंत काढली. दुसरी काढली. तिसरी, चौथी. मग कोठा काढला. टोल्याभोवती गोल रेघ काढली, आणि पोत्याच्या तळाला उरलेली राख घेऊन तिथून नाल्याकडे सरळ रेघ ओढत निघाली. वाटेत धनराजचे बूट आले.

"बाजूले हो, भाऊ," ती म्हणाली.

तो बाजूला झाला. तिनं रेघ पांढऱ्या नाल्यावरून, उर्वशीच्या वाळलेल्या रक्ताच्या डागावरून पलीकडे नेली आणि शाळेपासून येणाऱ्या वाटेला जोडली. पोतं उलटं करून झटकलं. मग चालत परत गेली, आपल्या घराच्या चार काळ्या भिंतींमध्ये मांडी घालून बसली, आणि ड्रोन वर आला तेव्हा तिनं मान वर करून डोळे उघडे ठेवले.